भुतांच्या राजाला औषध

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी भाऊबहीण बसले होते, दोघांचेही केस पिकलेले. त्यांचा लहानपणचा गेम आता नव्या रूपात मोबाईलवर आलेला. बहीण खेळत होती, आणि भुतांचा राजा काही मरत नव्हता.

“दे इकडे, छकुले. तलवार मलाच जमते.”

“दादा, तेव्हा सगळी सुट्टी तूच खेळलास. मेला का तो?”

“नाही.”

“आणि मी काय सांगत होते?”

“त्याला औषध पाज म्हणायचीस. शत्रूला औषध पाजतं का कोणी?”

“अरे, तो आधीच मेलेला आहे! जिवंताला जे बरं करतं, ते मेलेल्याला बाधणारच.”

“शेवटची बाटली आहे. वाया गेली तर सगळं पहिल्यापासून!”

“जाऊ दे. तू नुसतं बघ. मी अख्खं लहानपण बघतच बसले होते.”

“अगं... अगं, पडला! छकुले, राजा पडला!”

“हळू ओरड, दाढ ठणकेल.”

“कुठली दाढ?”

आतला पेशंट तोंडात कापूस धरून बाहेर आला आणि टाळ्या वाजवून गेला. खोटं वाटत असेल तर माझ्या कवळीला विचारा. हसता हसता ती खाली पडली होती, तिनं सगळं जवळून पाहिलंय.