कपाळाची तपासणी

भिक्खू झालेल्या लेकाला ताप आहे की नाही, ते नीट कळलं नव्हतं. तो नसेलच, अशी स्वतःची समजूत घालून मालिवान मठातून निघाली आणि लोए गावाच्या बसमध्ये आपल्या नवऱ्याशेजारी, म्हणजे सोमकितशेजारी, बसली. मागच्या बाकावर थनिन नावाचा एक प्रवासी झोपेचं सोंग घेऊन ऐकत होता.

"मठ मात्र शांत आहे हं," सोमकित म्हणाला.

"शांतच. खोकलासुद्धा दाबून खोकतात. तुम्ही त्याच्या कपाळाला हात लावलात ना? कसं होतं?"

"बरं होतं."

"म्हशीलाही बरी म्हणाला होतात. दुसऱ्या दिवशी पुरली तिला."

"मग तूच बघायचंस."

"मी कशी बघू? बाईनं भिक्खूला शिवायचं नाही. नऊ महिने पोटात होता, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही."

"हळू बोल, लोक ऐकतात."

"लेकाच्या पाया पडले तेव्हा डोळे बघितले त्याचे. लालबुंद. मोठ्या महाराजांना म्हटलं, जरा कपाळ बघा. तर म्हणाले, उपासिके, सगळं जगच तापलेलं आहे."

"ते खरंच आहे."

"मग गोळी कुणाकुणाला द्यायची?"

"पोरगा काय म्हणाला?"

"तोही मला उपासिकाच म्हणाला. आई म्हणायला जीभ वळली होती, पण मोठे महाराज समोर होते."

"मालिवान, खरं सांगू? मला काही कळलंच नाही. बर्फाच्या कारखान्यात हात मेलेत माझे. गार काय नि गरम काय."

मालिवान सावरून बसली.

"मग मोठ्या महाराजांना माझ्या वतीनं कळवा."

"काय कळवू?"

"सविनय विनंती, की सदर भिक्खूचं कपाळ एका मिनिटापुरतं गृहस्थाश्रमात परत पाठवण्यात यावं. तपासणी होताच ते सुस्थितीत मठात जमा केलं जाईल."