मापाचा ब्लाउज

नाही हो बाई, टेप आहे की — तो काय खिळ्याला लटकतोय — पण तो मी कापडाला लावतो, माणसाला नाही. तुम्ही मापाचा ब्लाउज घेऊन या, जुना, अंगाला नीट बसणारा, मी तो उलटा करून शिवण बघतो, आणि नवा नाही बसला तर शिलाई देऊ नका — बावीस वर्षं असंच चाललंय. जुने सगळे घट्ट झाले? मग किती घट्ट ते बोटाने सांगा, एक बोट की दोन, तेवढा सैल सोडतो. नाहीतर पलीकडे रश्मी आहे, मेडिकलच्या वर, ती बाईमाणूस, ती माप घेईल, तुम्ही चिठ्ठीवर लिहून आणा, मी शिवतो. राग मानू नका. बसा, पंख्याखाली बसा वायच, घामाघूम झालात. शाळा लवकर सुटली? — शनिवार, हां. मी बाराला बंद करतो, अजून वेळ आहे.

काय म्हणालात? देवमाणूस? कोणी सांगितलं, तुमच्या मोठ्या बाईंनी? सगळा बाजार तेच सांगतो — रुजार टेलर देवमाणूस, बाईच्या अंगाला हात लावत नाही, इगर्जीत पहिल्या बाकावर बसतो. इगर्ज म्हणजे आमचं चर्च. बसतो, खरंय, पण ते हल्ली मला ऐकायला कमी येतं म्हणून. देवमाणूस तेवढं म्हणू नका.

तो? कपाटातला, कोकमाच्या रंगाचा? नाही, तो विकायचा नाही, घालून बघायचा पण नाही. तुमच्या मापाचा वाटतो? नाही बसणार तुम्हाला, त्याचा डावा खांदा — जाऊ दे. दुसऱ्या बाईचा आहे. टेलरकडे लोक कपडे टाकतात आणि विसरून जातात, त्यातला एक. — नाही. ती विसरली नाही, बाई. मी आत्ता खोटं बोललो. बघा, किती सहज बोललो. आणि एकदा खरंच खोटं बोलायला पाहिजे होतं तेव्हा माझं तोंड उघडलं नाही.

शेवंती नाव तिचं. इथेच मासळी बाजारात बसायची, बांगडा, सौंदाळे, मिळेल ते. नवरा हरिश्चंद्र बोटीवर तांडेल, आठ-आठ दिवस समुद्रात. आणि माझी बायको नातालीन तेव्हा कुवेतला, एका घरी मुलं सांभाळायला गेलेली, दोन वर्षांचा करार. म्हणजे बघा, तिच्या घरात माणूस नाही आणि माझ्या घरात पण नाही. मी अडतीस वर्षांचा. तेव्हा मी सगळ्यांची मापं घ्यायचो, हातात टेप, कानाला पेन्सिल, तोंडाने गप्पा — टेलर आणि डॉक्टर, ह्यांच्या हाताला डोळे नसतात, असं माझा बाप म्हणायचा. माझ्या हाताला डोळे फुटले, बाई. दुसऱ्या कोणासाठी नाही, तिच्यासाठीच. ती आली की दुकानात मासळीचा वास यायचा, आणि मला तो पण बरा वाटायला लागला, आता काय सांगू. ब्लाउज द्यायची, न्यायची, परत आणायची — ‘रुजार, बाही वायच धरता’ — आणि बाही काही धरत नसायची, मलाही कळायचं, तरी मी परत माप घ्यायचो. तिला वाईट समजू नका हां. मी समजलो, तेच तर सांगतोय.

आंगणेवाडीच्या जत्रेच्या आधीची गोष्ट. जत्रेला नवा ब्लाउज पाहिजे म्हणून आली, दुपारची, दुकानात तिसरं कोणी नाही. मी मागे उभा राहून खांद्याचं माप घेत होतो. तिने मान वळवली नाही, फक्त हात मागे आणून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, ‘रुजार, ह्याच खांद्याचां माप तिसऱ्यांदा घेतंस.’ खरंच होतं ते. मी हात काढला नाही. तिने पण काढला नाही. समोर शटर, अर्धं खाली ओढलेलं, बाकीचं अर्धं ओढायला किती वेळ लागतो — मी तेवढाच विचार करत होतो, देवाशपथ, दुसरं काही मनात नव्हतं, नातालीन नव्हती, नरक नव्हता, नुसतं शटर. आणि इगर्जीची बाराची घंटा झाली. आम्हाला लहानपणापासूनची सवय, बाराची घंटा झाली की असाल तिथे उभं राहून मारियेची प्रार्थना म्हणायची, माझी आई रस्त्यात टोपली खाली ठेवून म्हणायची. माझा उजवा हात आपोआप कपाळाला गेला. टेप हातातच — क्रूस काढताना टेप कपाळाला लागला, छातीला लागला, दोन्ही खांद्यांना लागला. प्रार्थना म्हटली, सगळी म्हटली. आणि तिने काय केलं माहीत आहे? पदर सारखा केला आणि हात जोडून उभी राहिली. तिचा देव वेगळा, पण कोणी देवाचं म्हणतंय तर थांबायचं, एवढं तिला कळत होतं. माझं संपलं तेव्हा म्हणाली, ‘बरां झालां,’ आणि गेली. काय बरं झालं? मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. ती पण घाबरलेली, बाई. ती पण सुटली.

मी संध्याकाळी फादरकडे कुमसाराला गेलो — पापाची कबुली, आम्ही गुडघ्यावर बसून देतो. म्हातारे फादर होते. म्हणाले, ‘रुजार, तिला मापाचा ब्लाउज आणायला सांग. नीट सांग, गोड बोलून सांग, आणि देवाकडे तुझे हात माग.’ तेवढ्यात आमचे उपासाचे चाळीस दिवस लागले. मी खरोखर मागितले हात. रोज तेर्स म्हणायचो, जपमाळ हो, गुडघ्यांना घट्टे पडले, मासे सोडले — मासे, मालवणात — आणि रात्री झोप नाही आली की नाक्यावरच्या क्रुसाकडे जाऊन मेणबत्ती लावून बसायचो. काय मागायचो? ‘सायबा, मला धुऊन काढ, आणि नाही जमलं तर निदान उद्याचा दिवस ढकल.’ एवढंच. एक-एक दिवस ढकलला त्याने. मी तुम्हाला शपथेवर सांगतो, तो ऐकतो. ईस्टर आला तोवर ती रस्त्याने जायची आणि माझी मशीन थांबायची नाही. मी जिंकलो होतो. मी नाही, त्याने जिंकवलं — पण माणूस आहे ना, माज चढला. उपास सुटल्यावर माणसाला कशी भूक लागते, तशी मला कोणीतरी चांगलं म्हणावं याची भूक लागली.

आणि मग ती आली. ईस्टरनंतरचा सोमवार. नणंदेचं लग्न होतं, हा कोकमी पीस घेऊन आली, हसत. दुकानात तीन बायका होत्या. त्यातल्या किशोरीचं माप मी आत्ताच घेतलेलं, टेप माझ्या गळ्यात. फादर म्हणाले होते, गोड बोलून सांग. पण एकटीला गाठून सांगायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगू, मला साक्षीदार पाहिजे होते. मी मोठ्याने म्हटलं, ‘शेवंती, तुजां माप मी घेवचंय नाय. मापाचो ब्लाउज हाड’ — हाड म्हणजे आण.

बस. एवढंच बोललो. एक शिवी नाही, एक वाईट शब्द नाही. पण तुम्ही बाई आहात, तुम्हाला कळलं असेल. किशोरीचं घेतलं, त्या दुसरीचं घेणार, मग हिचंच का नाही? तिघींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेवंती ‘बरां, हाडतंय’ म्हणाली आणि पीस तिथेच ठेवून गेली. परत आली नाही. मला तेव्हा वाटलं, बघ, कसा काढला काटा. रात्री देवाचे आभार मानले. मानले, बाई, ह्या तोंडाने.

आठ दिवसांनी बोट लागली, हरिश्चंद्र दुकानात आला. मला वाटलं, मारतो. मारलं असतं तर किती बरं झालं असतं. स्टुलावर बसला, तुम्ही बसलात ना, तिथेच, आणि शांतपणे म्हणाला, ‘रुजार, तू किशोरीचां माप घेतलंस, माझ्या बायलेचां कित्याक नाय?’ एकच प्रश्न. मी काहीही सांगू शकलो असतो. तिची उधारी आहे म्हणून, तिच्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून — तो हसला असता आणि गेला असता. पण खोटं बोलणं पाप. चाळीस दिवस धुऊन काढलेलं तोंड मला विटाळायचं नव्हतं. मी गप्प बसलो. खाली मान घालून गप्प. मी देवाची आज्ञा एकही मोडली नाही, व्यभिचाराची नाही, खोट्याची नाही — आणि तो उठला, आणि दुसऱ्या दिवशी तिला माहेरी पोचवून आला. परत आणली नाही. कधीच नाही.

त्या दिवसापासून मी कोणाचंच माप घेत नाही. लोकांना वाटतं धर्म. धर्म कसला, परत कुठल्या बाईला कोणी विचारू नये, तुझंच का नाही घेतलं म्हणून — एवढंच. उशीर झाला, पण एवढं तरी.

नातालीनला सांगितलं, ती आल्यावर, सगळं. ती एवढंच म्हणाली, ‘त्या बिचारीचो पीस तरी पुरो कर.’ केला. माप? मापाच्या वहीतलं तिचं पान मी नाक्यावरच्या क्रुसाकडे जाळलं होतं, उपासाच्या पहिल्याच आठवड्यात. मग कसा शिवला म्हणजे — शिवला. छाती चौतीस, कंबर एकोणतीस, बाही साडेसात, डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच वर, टोपली धरून धरून — हे काय सांगत बसलो मी तुम्हाला. माफ करा. नातालीन देवाघरी जाऊन सहा वर्षं झाली. ती दर पावसाळ्याच्या आधी सगळ्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवायची, ह्याच्यात पण ठेवायची. न चुकता.

तर तुमचा ब्लाउज — कधीला पाहिजे? भावाचं लग्न, वीस तारखेला. कुठे? — देवगडला? तुम्ही देवगडच्या? मगे इतको वेळ माझ्याकडना पुस्तकी मराठी कित्याक बोलून घेतलात?

बाई. देवगडाच्या बाजारात — थंयच तिचां माहेर — शेवंती नावाची कोण बाई — आसा? सुक्या मासळीकडे बसता? तुमची आयस तिच्याकडनाच सुके बांगडे घेता? उंच, हसरी — हसना नाय? बरां. केस पिकले असतले. आणि? ढगळ ब्लाउज, बाजारातलो तयार, गळ्याकडे सेफ्टीपिन लावलेली. टेलराकडे जाणा नाय? तुमच्या आयशीन सांगून बघितल्यान, तरी नाय? काय म्हणता ती? — परत सांगा, माका ऐकाक कमी येता.

‘माका कोणाक माप देवचां नाय.’

बावीस वर्सां, बाई. थंय देवगडात ती आणि हंय मालवणात मी.

ह्यो कोकमी ब्लाउज घेऊन जाशात तिच्यासाठी? थांबा, काढतंय, घडी करून — नको. नको, रवांदे. तो तिका आता बसलो नाय तर नाय, पण बसलो तर? लोक इचारतले, माप न घेता रुजारान शिवल्यान कसो. परत तोच प्रश्न. तिच्या अंगावर मी काय्येक घालूचंय नाय आता.

एक करा. बांगडे घेवक जाशात तेव्हा तिका सांगा — मालवणचो रुजार टेलर बावीस वर्सां कोणाचांच माप घेणा नाय. कोणाचांच. माफी-बिफी काय सांगू नकात, इतक्यांच सांगा. तिका कळतलां. हळू सांगू नकात, भरल्या बाजारात, सगळ्यांदेखत सांगा. मी पण सगळ्यांदेखतच बोललेलंय.

घंटा झाली. बारा झाले, बाई. आता माका बोलूचां नाय. जावा तुमी.