जोडाघरातला एक तास

बाबांच्या आजच्या निवृत्ती समारंभाच्या अध्यक्ष आणि या रुग्णालयाच्या अधिष्ठाता मॅडम, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, बाबांचे सहकारी, परिचारिका भगिनी आणि समोर बसलेले बाबांचे सगळे रुग्ण, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. घरून निघताना बाबांनी तीनच दिली होती. "फार कौतुक करू नकोस, मला खुर्चीत बसवत नाही," म्हणाले. बाबा, आज जरा बसा.

बाबांनी इथल्या तळमजल्यावर चौतीस वर्षं बूट बनवले. ज्यांच्या पायांतली संवेदना गेलीय, खडा रुतला तरी कळत नाही, त्यांच्यासाठी. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरच्या पायांचे साचे, प्रत्येकाच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेलं नाव, आणि तळ चिकटवायच्या सोल्युशनचा तो वास. तो वास बाबांच्या शर्टाला असायचा. आणि मला त्याची लाज वाटायची.

हो, लाज. आज हे सांगायचं ठरवूनच आलेय.

कॉलेजात मी पहिली आले तेव्हा सत्कार होता. आमचे विभागप्रमुख, ज्यांच्यासमोर आमची बोबडी वळायची, त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन विचारलं, "आपण काय करता?" बाबा तोंड उघडणार इतक्यात मीच म्हणाले, "हॉस्पिटलमध्ये अधिकारी आहेत." बाबा नुसते हसले.

त्यानंतर आठवड्याभराने टेबलाच्या खणात मला बाबांचा एक अर्ज सापडला. वर्कशॉप सोडून भांडार विभागात कारकून म्हणून बदली मिळावी, असा. कारण लिहिलं होतं, 'कौटुंबिक'. ते कौटुंबिक कारण म्हणजे मी, हे कळायला कितीसा वेळ लागणार? तरी मी अर्ज होता तसा ठेवला आणि खण लोटला.

त्याच दिवसांत बाबांकडे एक निवृत्त शिक्षिका येत होत्या, शीख होत्या. बाबा त्यांना 'बाई' म्हणत. दोन्ही पाय बधिर, त्यामुळे अनवाणी चालायला डॉक्टरांची सक्त मनाई. "दोन वर्षं झाली, गुरुद्वाऱ्यात पाऊल टाकलेलं नाही," म्हणाल्या. "बूट घालून आत जाता येत नाही आणि बुटांशिवाय चालता येत नाही. करायचं काय?" बाबांनी आठ दिवस खपून त्यांना जाड, मऊ तळाचे मोजे शिवून दिले. फक्त आत घालायचे, बाहेरच्या धुळीला न लागलेले. बाई म्हणाल्या, "रविवारी तुम्ही आणि तुमची लेक, दोघं माझ्याबरोबर यायचं. हे मोजे पहिल्यांदा तुमच्यासमोर घालणार."

आम्ही गेलो. दारातच बाईंनी आमच्या डोक्यांना रुमाल बांधले. मी विचारलं, "हे कशासाठी?" त्या म्हणाल्या, "कोण मोठा, कोण लहान, हे सगळं डोक्यातच असतं ना? ते जरा झाकून ठेवायचं." मग म्हणाल्या, "आता जोडे. लोकांना वाटतं दर्शन आत होतं. खरं म्हणजे ते इथूनच सुरू होतं."

जोडाघराच्या, म्हणजे सेवेकरी आलेल्यांचे जोडे सांभाळतात त्या खोलीच्या, खिडकीशी बाबा अडखळले. आयुष्यभर दुसऱ्याचे बूट हातात घेतलेला माणूस, पण स्वतःचे कुणाच्या हातात द्यायचे म्हटल्यावर त्यांना कसंसंच झालं. "राहू द्या, मी ठेवतो," म्हणाले. आतून दोन हात पुढे आले. "द्या हो, आमची सेवा का हिरावून घेता?" त्या माणसाने बाबांचे बूट घेतले, कपाळाला लावले, फडक्याने पुसले आणि वर पाहिलं.

आमचे विभागप्रमुख!

"अरे, या अधिकारी साहेब!" ते आनंदाने म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं हो. पण बाबांनी खाली पाहिलं.

"सर," मी म्हणाले, "बाबा अधिकारी नाहीत. मी खोटं बोलले होते. ते बूट बनवतात. बाईंच्या पायातले ते मोजेसुद्धा त्यांनीच केलेत."

सरांनी खिडकीशेजारचं दार उघडलं. "मग बाहेर कशाला उभे? आत या. हे काम तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं येतं."

माथा टेकून, ओंजळीत प्रसाद घेऊन बाबा खरंच परत आले आणि जोडाघरात तासभर बसले. बूट घ्यायचे, पुसायचे, टोकन द्यायचं. मी शेजारी. मध्येच एक बुटांचा जोड त्यांनी उलटा केला, आत बोट फिरवलं आणि चेहराच बदलला. तळातून आरपार खिळा आलेला, भोवती वाळलेलं रक्त. "टोकन एकोणचाळीस आला की मला सांगा," म्हणाले.

आले ते एक टॅक्सीचालक. बाबांनी विचारलं, "पाय दुखतोय?"

"नाही हो, अजिबात नाही."

"म्हणूनच विचारतोय," बाबा म्हणाले. "बसा, मोजा काढा."

जखम पाहून तेच हादरले. त्याच दुपारी बाबा त्यांना इथे घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर पाय काढावा लागला असता. ते गृहस्थ आज दुसऱ्या रांगेत बसलेत, स्वतः टॅक्सी चालवत आलेत.

त्या दिवशी घरी परतल्यावर बाबांनी तो अर्ज फाडला. मी म्हणाले, "बाबा, माझं चुकलं." ते म्हणाले, "चुकलं माझंही. तुला लाज वाटली यात नवल नाही. मलाही वाटू लागली होती, ते वाईट." एवढंच. विषय संपला.

मी आज फिजिओथेरपिस्ट आहे. माणसाचा पाय हातात घेताना आधी मान लवते, ते त्या खिडकीत शिकले. मोठेपणासाठी उंच चढावं लागतं, असं मला वाटायचं. बाबांनी ते खाली बसून कमावलं.

या समारंभासाठी झटलेल्या सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, वेळेची मर्यादा तर मोडलीच आहे, लेक समजून पदरात घ्या.

आणि आता एक विनंती. या सभागृहात ज्यांच्या ज्यांच्या पायांत बाबांच्या हातचे बूट आहेत, त्यांनी कृपया उभं राहावं.

...बाबा, मान वर करा. बघा, किती माणसं उभी आहेत.