डाव्या हाताची वीत

हिलाल : कटरची पिन लाव.

योगिता : नाही लावणार.

हिलाल : काठाचे पाच तुकडे कापायचे राहिलेत, पोरी. रविवारी कानबाई देवी बसणार दारात. बाया काय मातीवर फुगड्या खेळतील?

योगिता : अकरा कापलेत ना नाना? त्यातला एक तरी बसला का?

हिलाल : भिंत वाकडी आहे.

योगिता : भिंत वाकडी असती तर एक बसला असता, एक नसता बसला. सगळेच दोन इंच आखूड आहेत. शेवटच्या फरशीपासून भिंतीपर्यंत अठरा इंच आहे. मी दोनदा टेप लावली.

हिलाल : टेप लावली. चाळीस वर्षं मी लूमच्या खात्यात कापडाचा पन्हा हातानं सांगतोय. मास्टर टेप विसरला की माझा हात मागायचा. हिलालची वीत म्हणजे नऊ इंच, वर एक सूत नाही, खाली एक सूत नाही. दोन वीत म्हणजे अठरा. मी दोन वीत धरूनच खुणा केल्यात.

योगिता : मग दगड धुतल्यावर आटला का?

हिलाल : तोंड सांभाळून बोल.

योगिता : लांब दगड परत कापता येतो नाना. आखूड झालेला काय ओढून लांब करणार? सुकदेव कडिया गवंडीकाम चांगलं करत होता. अख्ख्या फरश्या त्यानं लावल्या, काठ तेवढे राहिले होते. तुम्ही त्याला घरी पाठवलंत.

हिलाल : काठाला किती अक्कल लागते? दारातला ओटा घरच्या माणसाच्या हातचा असावा.

योगिता : घरच्या माणसाला दिसत नाही का, कटरच्या पात्यापासून डावा हात किती लांब ठेवायचा ते? मी खिडकीतून बघत होते. दोन बोटं अंतर होतं. म्हणून तर पिन ओढली.

हिलाल : तू लॅबमधली माणूस. सुया टोचायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. यंत्राचं मला नको शिकवू. तू जन्मायच्या आधीपासून मी लूमच्या पट्ट्याशेजारी उभा आहे.

शोभाबाई : काय चालू शे तुम्हनं? आवाज पार गल्लीच्या नाक्यावर जाई राह्यना.

योगिता : माय, तू सांग यांना. उरलेलं सुकदेव करेल.

शोभाबाई : मी काय सांगू. माझं कधी ऐकलं का त्यांनी. चहा ठेवला होता, तो पण गार झाला.

हिलाल : ऐकलंस? आता पिन लाव.

योगिता : लावते. आधी एक काम करा. ही टेप जमिनीवर ठेवली. हिच्यावर वीत धरा.

हिलाल : हे काय पोरखेळ.

योगिता : नऊ भरली तर मी गप. पिन लावते, पात्यावर पाणी पण मीच घालते. बस?

हिलाल : उजवी धरू का?

योगिता : खुणा कुठल्या हाताच्या आहेत? उजव्यात तर खडू होता.

हिलाल : डावा हात ओला आहे.

योगिता : ओल्या हाताची वीत काय कमी होते? धरा ना.

हिलाल : योगिता.

योगिता : धरा नाना.

(हिलाल खाली बसून टेपवर डावा हात ठेवतो.)

योगिता : आठ.

हिलाल : अजून ताणतो, थांब.

योगिता : ताणा.

हिलाल : सकाळी बोटं जरा आखडतात. दुपारपर्यंत मोकळी होतात.

योगिता : दुपारचे तीन वाजलेत. आठच आहे. म्हणजे दोन वितीला सोळा. तुमच्या खुणा बरोबर होत्या नाना. दगड पण बरोबर कापले. हात उघडत नाहीये.

हिलाल : गारठा आहे.

योगिता : सुरतेत, श्रावणात?

शोभाबाई : जाऊ दे ना व पोरी. नको असं तोंडावर बोलू बापाला.

योगिता : माय, हे फरशीवर लाल काय आहे?

शोभाबाई : कुठे?

योगिता : इथे, पाण्यात. नानांच्या हाताखाली.

हिलाल : गेरू असेल. खुणांचा.

योगिता : मी तुम्हाला पांढरा खडू दिला होता.

हिलाल : मग दगडाचा रंग सुटला असेल.

योगिता : हात उलटा करा. नाना, हात उलटा करा म्हणते ना.

शोभाबाई : अरे देवा. रगत शे हे. करंगळीच्या बाजूनं पूर्ण फाटलंय.

हिलाल : कधी लागलं?

योगिता : हे तुम्ही मला विचारताय?

हिलाल : मला खरंच नाही कळलं, बाई.

योगिता : दुखत नाहीये?

हिलाल : नाही.

योगिता : इथे दाबते. कळतंय?

हिलाल : दाबलं का तू?

शोभाबाई : मी हळद आणते.

योगिता : हळद नको माय. नळाची धार सोड, आणि माझ्या पर्समधली पट्टी आण. नाना, हात वर धरा. खांद्याच्या वर. किती दिवस झाले हे?

हिलाल : संक्रांतीपासून असेल. आधी बोटाला मुंग्या यायच्या. मग मुंग्या पण गेल्या. मला वाटलं बरं होतंय.

योगिता : लॅबमध्ये रोज दहा माणसं येतात अशी. साखर तपासायला सांगितली की म्हणतात, मला काय धाड भरलीय. मी त्यांना रागावते. आणि माझ्या घरात माझा बाप.

हिलाल : तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस.

योगिता : हो. नेलंच असतं.

हिलाल : डॉक्टर म्हणाला असता, लूम सोडा. सुताची तार तुटली की दोन चिमटींत धरून गाठ मारावी लागते. सहा महिने झाले, माझ्या तारा शेजारचा शालिग्राम जोडतो. शेठ फेरीला आला की मी उगाच तेलाचा डबा घेऊन फिरतो. मला लूमशिवाय दुसरं काय येतं, सांग.

योगिता : म्हणून दगड कापायला बसलात?

हिलाल : म्हटलं, दगड जमला तर हात चांगला आहे. आपलंच आपल्याला समजेल. कडिया समोर असता तर त्यानं बघितलं असतं, म्हणून त्याला पाठवला.

योगिता : आणि पहिला तुकडा आखूड झाला तेव्हा?

हिलाल : वाटलं, भिंत वाकडी असेल.

योगिता : अकरा वेळा?

हिलाल : अकराव्याला भीती वाटली, पोरी. म्हणून तर म्हटलं पिन लाव. बारावा बसला असता तर बरं झालं असतं.

शोभाबाई : ही घे पट्टी. घट्ट नको बांधू.

योगिता : माय, तुला कसं नवल वाटलं नाही याचं? तुला माहीत होतं?

शोभाबाई : माले काय माहीत राही.

योगिता : माय.

शोभाबाई : मंगळवारी कानबाईच्या नैवेद्याचे, रोटाचे गहू मोजले ना. माणशी सव्वा मूठ. भावकीतली सात माणसं, दर वर्षी ह्यांच्याच मुठीनं. पितळी डबा काठोकाठ भरतो. यंदा चार बोटं खाली राहिला. आणि ते उठले तर पाटाभोवती सगळीकडे गहू. बोटांतून गळत होते.

हिलाल : मला नाही दिसले.

शोभाबाई : तुम्ही मागं वळून बघायच्या आत मी पदरानं गोळा केले.

हिलाल : मग देवीचं माप कमी पडलं की.

शोभाबाई : नाही पडलं. तुम्ही बाहेर गेल्यावर मी माझ्या मुठीनं भरला डबा. काठोकाठ. कालच दळून आणले.

हिलाल : बाईमाणसाची मूठ चालत नाही रोटाला. माझ्या आईनं कधी हात लावू दिला नाही कोणाला.

शोभाबाई : चालत नसेल तर रविवारी देवी मला विचारील. मी तिच्यासमोरच बसलेली असेन. तुम्ही नका घाबरू.

हिलाल : तीन दिवस बोलली नाहीस.

शोभाबाई : तुम्ही सहा महिने नाही बोलले.

योगिता : उद्या सकाळी माझ्याबरोबर चलायचं. उपाशीपोटी. आणि सोमवारी खात्यात जायचं नाही.

हिलाल : सोमवारी जाईन.

योगिता : नाना, तिथला पट्टा दगडासारखा नाही. आखूड तुकडा देऊन सोडणार नाही तो.

हिलाल : लूमवर नाही जाणार. शेठला सांगायला जाईन. शालिग्रामनं सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

शोभाबाई : मी पण येऊ का सोबत?

हिलाल : खात्याच्या दारापर्यंत ये.

योगिता : दुखतंय का आता? घट्ट झालं?

हिलाल : मला कसं कळणार ते. तूच बघ.

योगिता : बघते.

हिलाल : आणि ते मशीन उचलून आत ठेव. सुकदेव कडियाला फोन लाव.

योगिता : काय सांगू त्याला?

हिलाल : म्हणावं, टेप घेऊन ये.