छताजवळचा देव

देवांच्या गोष्टी निघाल्याच आहेत, तर सुरतेच्या आमच्या प्रिंटिंग मिलमधलाही एक देव ऐका. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. रंगात घालायच्या टर्पेंटाइनची वाफ साठली की घंटा वाजवणारा एक लोखंडी डबा शेठने आणला. इंजिनिअरने तो जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवला आणि आमच्या फिटरला, दौलतआप्पाला बजावलं, "ये गॅस हवासे भारी है, नीचे बैठता है. डब्बा यहीं रहेगा."

दसऱ्याला आम्ही सगळ्या मशीनांची पूजा केली. डब्यालाही कुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. दुसऱ्या दिवशी बघतो तर आप्पा शिडीवर चढून डबा छताजवळ ठोकतोय.

मी म्हटलं, "आप्पा, इंजिनिअर काय म्हणाला होता?"

"पूजा करेल वस्तू पायसजवळ कशी ठेवानी, भाऊ? लोके थुंकतस तठे."

थुंकत तर होतेच.

दिवाळीच्या तोंडावर टर्पेंटाइनचं एक पिंप गळलं. वाफ फरशीवरून पसरत गेली, आणि वर डबा गप्प. आप्पा खाली बसून मोटर दुरुस्त करत होता. एक ठिणगी उडाली, बस्स.

आप्पाला अग्नी देऊन आम्ही मिलमध्ये आलो. भिंती काळ्या, माळ करपलेली, डबा जसाच्या तसा. मला वाटलं, आता तरी कोणी त्याला खाली उतरवेल. तेवढ्यात आप्पाचा सख्खा भाऊ पुढे झाला. त्याने चपला काढल्या आणि वर बघून हात जोडले.

"जागृत शे, भाऊ," तो म्हणाला. "इतली आगमा बी त्याले काही व्हयनं नही."