चाड्याचा शोध

— नाही नाही मुनशीजी, 'सुधारना' नका लिहू, 'शोध' लिहा! जगदेव सुतार, राहनार जऊळका, यानं शोध लावला — लिहा ना, शाई काय सोन्याची हाये? चाडं म्हनजे काय, इचारता? वा! सारा कायदा तोंडपाठ, अन् चाडं माहीत नाही. पेरनीच्या तिफनीवरचा लाकडी वाडगा हो — बाई त्यात बी सोडते, अन् तीन छेदांतून ते तीन नळ्यांत जाते. साध्या चाड्यात एका नळीत लय जाते, एकीत कमी, मंग वावरातलं तास रिकामं राह्यते. माह्या चाड्याले मधात उंचवटा हाये, तिन्हीकडं सारखं बी. हे कलकत्त्याच्या पेटंट कचेरीले कळवा, म्हनजे चवदा वर्सं दुसऱ्या कोनी बनवू नये!

काहून म्हनता? तो पुंजाजी, आमच्याच गावचा सुतार — तसंच चाडं बनवून बाजारात इकून राह्यला! लय हुशार, दुसऱ्याचं डोकं वापरते, आपलं कोरं ठेवते. कागद नसन तर कोन कायले डोकं चालवन, सांगा? — तिफन? तिफन कोनाची म्हनजे? माह्या बापानं इंझोरीच्या सुताराची पाहून केली... ते येगळं! तवा हा कागद असता तर बाप जेलात असता. हे नका लिहू.

छेद केवढा? लिहा, करंगळीएवढा. कोनाची म्हनजे? ही पाहा माह्यी... हं, माह्यी नाही जात या छेदात. गोजराची. माह्यी घरची हो, ते काय, लिंबाखाली शिदोरी घेऊन बसली. वीस वर्सं बी सोडते, तिच्या हाताले कळते. उंचवटा ठेवा, हेबी तिनंच म्हटलं — मी म्हटलं, तुले काय समजते सुतारकीतलं? सालभर डोकं खाल्लं, तवा केलं. अन् पुंजाजीच्या बायकोले तिनंच दाखवलं, फुकट! म्हने, पेरनी सगळ्यायचीच साधली पाह्यजे.

लेखनी काहून ठेवली? शपथ? 'पहिला शोध माह्याच' अशी?... अन् तिचं नाव टाका म्हनता? वा मुनशीजी! तिच्या नावानं कागद आला, का उद्या तालुक्यातल्या साऱ्या सुतारायले घरी बोलावून माप देईन ती, वरून चहा पाजन!

राहू द्या. फाडा तो कागद. हसू नका.

अवं गोजरा, ऊठ, गाडीची वेळ झाली. काय झालं म्हनतं? काही नाही व. मुनशीजीले चाडं माहीत नव्हतं, समजावून राह्यलो व्हतो.