विहिरीतली बरणी

झिगमास: तिथेच थांबा, टेक्लेवहिनी. तुमच्या घरचं कुणी माझ्या फाटकाच्या आत नाही, मी तुमच्या दारात नाही. तसं ठरलंय.

टेक्ले: ते तुमचं आणि लुडविकासचं ठरलं होतं, भाऊजी. ते गेले. माझं कुणाशी काही ठरलेलं नाही. सरका, चिखलात उभी आहे मी.

झिगमास: अंगाला भाजक्या बार्लीचा वास येतोय. बिअर काढताय की काय?

टेक्ले: पहिल्यांदाच. आमच्या रामुनेचं लग्न तोंडावर आलंय.

झिगमास: लुडविकास तर तुम्हाला पिंपाजवळ फिरकू देत नव्हता!

टेक्ले: म्हणून दाराआडून बघून शिकले. पीठ भिजवलं, लाद्या थापल्या, भट्टीत काळ्या होईस्तोवर भाजल्या. पाण्यात कुस्करून रस काढला, हॉप्सच्या कडू फुलांचा काढा घातला. असा गोड रस उतरलाय म्हणून सांगू!

झिगमास: मग इथे कशाला आलात?

टेक्ले: यीस्टचं विरजण घालताना घोडं अडलं. हे रसात बोट बुडवायचे, कोमट लागलं की विरजण घालायचे. मीही बोट बुडवलं. कोमट लागलं. घातलं.

झिगमास: बरोबरच केलंत की.

टेक्ले: माझी बोटं बघा, भाऊजी. जन्मभर भट्टीतून गरम पाव काढलेत यांनी. यांना उकळतं पाणीसुद्धा कोमटच लागतं! मागून रामुनेनं बोट घातलं, तर किंचाळलीच पोरगी.

झिगमास: अरे देवा! म्हणजे विरजण उकडलंत?

टेक्ले: हसा, हसा. सकाळपासून एक बुडबुडा नाही.

झिगमास: थोडं मागे ठेवलं असेल ना?

टेक्ले: छे! म्हटलं, लेकीचं लग्न, कंजुषी कशाला. बरणी धुऊन ओतली.

झिगमास: मग आणा दुकानातलं पाकीट.

टेक्ले: आणि बापाच्या रिकाम्या खुर्चीपुढे पाकिटातली बिअर ठेवू? व्याही पहिला पेला मुलीच्या बापाच्या घरचा पितात, हे तुम्हाला मी सांगायचं? बाप नाही, निदान त्याची बिअर तरी हवी होती हो लग्नात.

झिगमास: माझ्याकडचं न्या. पण ते लुडविकासचं नाही. त्यानं दिलेलं मी तेव्हाच ओढ्यात ओतलं. हे माझ्या आजोबांचं.

टेक्ले: तेव्हाच म्हणजे तुमच्या पोराच्या बारशाला.

झिगमास: मग काय! अख्खं गाव माझी बिअर वाखाणतंय, आणि हा बाकावर चढून ओरडतो, "विरजण माझं आहे बरं का!" माझ्या पोराच्या बारशाला!

टेक्ले: गप्प बसावं म्हणून मी टेबलाखालून लाथ मारली होती. पाद्रीबाबांना लागली.

झिगमास: ते तुम्ही होतात? पाद्रीबाबा मला बोलले!

टेक्ले: बरं, द्या आता आजोबांचं.

(विहिरीचा रहाट करकरतो. दोरीला बांधलेली बरणी वर येते.)

टेक्ले: झाकण काढते हं. अगबाई... आमच्या विरजणासारखाच भाजक्या सफरचंदाचा वास.

झिगमास: सगळ्यांच्याच विरजणाला येतो तो.

टेक्ले: येतो ना. भाऊजी, ईस्टरला चर्चच्या अंगणात तुम्ही पिंप उघडायचात, तेव्हा हे मला पाठवून एक पेला मागवायचे. गोठ्यात लपून प्यायचे.

झिगमास: तो? माझी बिअर?

टेक्ले: आणि म्हणायचे, "सुखरूप आहे गं माझं."

झिगमास: ...त्याला कळलं होतं?

टेक्ले: पहिल्याच घोटाला.

झिगमास: मग बोलला का नाही? चारचौघांत मला खोटं पाडता आलं असतं.

टेक्ले: एकदा चारचौघांत बोलून मित्र घालवला होता. त्यासाठी फार जीव जळायचा त्यांचा. शेवटी सांगून गेले, "आपलं विरजण कधी मेलं तर झिगमासकडे जा. आजोबांची गोष्ट सांगेल. ऐकून घे."

झिगमास: माझे बूट कुठे ठेवले मी?

टेक्ले: कुठे निघालात? आमच्या दारात यायचं नाही ना तुम्हाला?

झिगमास: रस परत तापवायला हवा, वहिनी. चला लवकर. आणि या खेपेला बोट मी घालणार.